गालावरचा खवला

"हा डाग कसला?"

टेबलावर लाकडी स्टँड. स्टँडवर माझा फोटो, आयुष्यात पहिल्यांदा चार लोकांसमोर लावलेला. फोटोत माझी आये. आणि सरांच्या हातातली फूटपट्टी नेमकी आयेच्या गालावर टेकलेली.

ठाण्यातल्या एका शाळेचा वर्ग होता, रविवारची सकाळ. महिन्यातून एकदा तिथे कॅमेरा क्लब भरायचा. एकेकाचा फोटो स्टँडवर लावायचा आणि बाकीच्यांनी त्यावर बोलायचं. ज्याचा फोटो त्याने गप्प बसायचं. नाव शेवटी जाहीर व्हायचं. मग त्याने उठून सगळ्यांना थँक्यू म्हणायचं. म्हणजे आधी मुकाट्याने झोडपून घ्यायचं आणि वर आभार मानायचे. हा नियम मला तेव्हा फार सुसंस्कृत वाटलेला.

त्या दिवशी डागाचं कोडं कोणाला सुटेना. कोणी म्हणालं, निगेटिव्हवर धूळ बसली असेल. कोणी म्हणालं, धुताना बुडबुडा राहिला असेल. शेवटी सरांनीच नियम मोडला. म्हणाले, ज्यांचा फोटो असेल त्यांनी उभं राहून सांगा.

मी उठले. वर्गात उत्तर येणाऱ्या पोरीसारखी, अगदी हौसेने उठले. म्हणाले, "खवला आहे सर. माशाचा."

मागच्या बाकावरून आवाज आला, "तरीच म्हटलं, वास कुठून येतोय."

सगळा वर्ग हसला. सर हसले, पट्टी हलली, पट्टीचं टोक आयेच्या गालावर टकटक वाजलं. आणि मी? मीही हसले. सगळ्यांत जास्त मीच हसले. आपण रागावलो नाही हे दिसायला हवं ना. मोठ्या लोकांनी विनोद केला तर आपल्यालाही तो कळला, हे दाखवायला हवं ना.

सरांनी विचारलं, "म्हणजे मॉडेल घरचंच का? मजा आहे तुमची." मग म्हणाले, "पुढच्या वेळी आधी तोंड धुवायला सांगा त्यांना. आणि हा डाग ब्रशने भरून टाका."

मी म्हणाले, "थँक्यू सर."

आज नातवंडं असलेली बाई आहे मी. गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र ठणठणीत आहे. ती थँक्यू म्हणणारी बावळट आज मला रस्त्यात भेटली ना, तर तिला मी आधी कानाखाली देईन आणि मग चहा पाजेन.

तर ही बावळट कोण, ते सांगते. ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. आये बाजारात मासे विकायची, तिची आये विकायची, तिचीही. मला दहावीपर्यंत शिकवलं आणि वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत चिकटवलं. रेडिओचे भाग जोडायचे काम. दिवसभर हातात सोल्डरची इस्त्री. एकदा उकळतं शिसं उडालं ते माझ्या डाव्या गालावर. तांदळाच्या दाण्याएवढा डाग राहिला. लग्न होऊन डोंबिवलीला आले, मानपाड्याजवळ. माझे मालक तिथल्याच एका कंपनीत. दोन पोरं झाली. साल म्हणाल तर ऐंशीचं दशक संपत आलेलं.

कॅमेरा माझ्या दिराने आखातातून आणलेला. आणला तसा कपाटात ठेवला, कारण त्यात रंगीत फोटो आपोआप येत नाहीत, आकडे फिरवायला लागतात, हे कळल्यावर त्याचं मन उडालं. मी तो काढला. आकडे फिरवण्यात माझा हात बसला होता, कंपनीत जोडलेले रेडिओ तपासताना तेच तर करत होते. काय बघावं, कुठून बघावं, हे मात्र येत नव्हतं. मला माणसांचे चेहरे काढायचे होते. फक्त चेहरे. कोणीतरी सांगितलं, ठाण्यात क्लब आहे, तिथे लोक तुमचा फोटो बघून सुधारणा सांगतात. मी गेले.

तिथे बँकेतले होते, डॉक्टर होते, एक-दोन प्राध्यापक होते. बायकांत मी आणि एका डॉक्टरांची मिसेस, ती फुलांचे फोटो काढायची. आणि सगळ्यांच्या वर सर. खिशाखिशांचं जाकीट घालायचे. कुठलाही प्रश्न विचारा, उत्तर एकच, "एफ आठ ठेवा." लेन्सचं तोंड किती उघडायचं त्याचा तो आकडा. मी मनात त्यांचं नाव एफ-आठ ठेवलेलं. तेवढीच काय ती माझी बंडखोरी. मनातल्या मनात.

खरं ते सांगते, शिकवलं त्यांनीच. श्वास सोडून मग बटण दाबायचं, डोळ्यावर फोकस धरायचा, हे त्यांचंच. शाळेच्या प्रयोगशाळेत काळे पडदे लावून प्रिंट काढायला शिकवलं तेही त्यांनीच. म्हणून तर जास्त झोंबतं. अडाणी माणसाने लाथ मारली तर माणूस विसरतो. गुरूने मारलेली विसरत नाही.

पुढच्या महिन्यासाठी मी सुधारायला बसले. सुधारायचं काय? आयेला.

सर म्हणालेले, चेहरा फार काळा आलाय, उजळ करा. मी पावडरचा डबा घेऊन माहेरी गेले. आये नुकतीच बाजारातून आलेली, ओट्यावर पाय पसरून बसलेली. मी तिच्या तोंडाला पफ लावला तशी तिने माझा हात धरला.

"मना कनाला पावडर? लगीन माजा हाय का मयत?"

मी म्हणाले, आये, तुला नाही कळत, फोटोत चांगलं दिसतं. तुला नाही कळत! जिला नुसत्या डोळ्याकडे बघून मासा कालचा की आजचा ते कळायचं, तिला मी सांगत होते, तुला बघण्यातलं कळत नाही.

तिने लावून घेतली. लेकीसाठी आया काय काय लावून घेतात.

दुसऱ्या महिन्यात क्लबने सांगितलं, हात नको, हात फार रखरखीत आहेत, लक्ष तिकडे जातं. मी हात कापले. मागे जाळं वाळत घातलेलं, ते नको, गचाळ वाटतं. मी मागे चादर धरली. चेहरा अजून उजळ हवा. मग सरांनी काळ्या खोलीत एक युक्ती दाखवली. तारेच्या टोकाला पुठ्ठ्याची चकती लावायची आणि कागदावर प्रकाश पडत असताना ती चेहऱ्यावर धरून हलकेच हलवत राहायची. चकतीची सावली जिथे पडते, तिथे कागद गोरा राहतो. मी धरली. लाल दिव्यात उभी राहून स्वतःच्या आयेच्या तोंडावर सावली धरली आणि ती पाण्यात गोरी गोरी होत वर आली, तेव्हा मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? टाळ्या वाजवायच्या बाकी होत्या.

खवला? यावेळी मी स्वतःच पुसलेला. फडक्याने. फोटो काढायच्या आधी.

तो फोटो स्टँडवर लागला आणि सरांनी पट्टी खाली ठेवली. चष्मा काढला. म्हणाले, "आता जमलं. आता ही कोणाचीही आई वाटते."

वर्गाने मान हलवली. मी हवेत. थँक्यू इतक्या जोरात म्हणाले की फुलंवाल्या बाई दचकल्या.

तसाच तो फोटो घेऊन मी कोळीवाड्यात गेले आणि आयेच्या हातात दिला. तिने हात पदराला पुसले, फोटो उजेडात धरला, लांब केला, जवळ आणला.

"ही कोन गो?"

मी म्हणाले, तूच की. ती "मी?" म्हणाली आणि पुन्हा बघत बसली. मग तिने तो उलटा करून बिस्किटांच्या डब्याखाली ठेवला. ओट्यावर शेजारच्या बायका होत्या, त्यांच्याकडे फिरवला नाही. तेवढ्यावरून कळायला हवं होतं. मला नाही कळलं. मला वाटलं, अडाणी आहे, कलेतलं काय कळणार.

मग आला तो खाडीवरचा रविवार.

क्लबने ठरवलं की यावेळी बाहेर जाऊन चेहऱ्यांचा सराव करायचा. विषय, कोळीण. सरांनी माझ्याकडे बघितलं तेव्हा माझी छाती फुगली. वाटलं, आता विचारतील, तुमच्या आईंना बोलवा. सर म्हणाले, डोंबिवलीतली एक कॉलेजची मुलगी तयार झालीये, नाटकात कामं करते, फार फोटोजेनिक आहे. तुम्ही फक्त आईंचं लुगडं आणि दागिने आणा. नेसवायलाही तुम्हीच लागाल, आमच्यात ते कोणाला येत नाही.

मी म्हणाले, हो सर.

आयेला सांगितलं तर ती म्हणाली, "लुगरा माजा, तर मी पन येनार." मी म्हणाले, आये, तिथे तुझं काय काम. ती आलीच. बाजारातून थेट. पाटी डोक्यावरून उतरवून किनाऱ्यावर ठेवली आणि उभी राहिली. गालावर खवला होताच.

पोरगी चांगली होती, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. गोरी, बारीक, घाबरलेली. होडीच्या आडोशाला मी तिला लुगडं नेसवत होते तर माझ्याकडून कासोटा सैल होत होता. आयेने मला बाजूला सारलं आणि स्वतः घट्ट बांधून दिला. पोरगी तिला "थँक्यू आजी" म्हणाली. त्या दिवशी आयेशी माणसासारखं तेवढंच एक माणूस बोललं.

डोक्यावर द्यायला पाटी हवी होती. आयेची पाटी बघून सर म्हणाले, मासे नको, कपड्यांना वास लागेल. क्लबने बाजारातून नवी टोपली आणलेली. तिच्यात वर्तमानपत्रांचे बोळे भरले आणि वरून गोणपाट टाकलं. पोरीने ती डोक्यावर घेतली. कॅमेरे वर झाले. मीही माझा पिशवीतून काढायला गेले.

"तुम्ही आज फोटो काढू नका," सर म्हणाले. "तुम्ही पदर बघा आणि हा थर्माकोल धरा. तुम्हाला काय, ही माणसं रोजचीच."

मी थर्माकोल धरला. पांढरा, दरवाजाएवढा. त्याच्यावर ऊन घ्यायचं आणि पोरीच्या तोंडावर टाकायचं. वाऱ्याने तो फडफडत होता, हात भरून आले, पण मी उजेड हलू दिला नाही. शाबासकी मिळेल असं अजूनही वाटत होतं बघा. काय चिवट असते ही भूक.

आये मागे उभी होती. आपलं लुगडं दुसऱ्याच्या अंगावर कसं दिसतं ते बघत होती. तेव्हा सर डोळ्याला कॅमेरा लावूनच म्हणाले, "मावशी, जरा मागे. फ्रेममध्ये येताय."

आये मागे झाली.

"अजून मागे."

झाली.

"अजून, मावशी, अजून."

आणि आये बोलली. ओरडली नाही. गिऱ्हाईकाला भाव सांगावा तशी बोलली.

"आजून कवरी मागं जाऊ? मागं खारी हाय."

मी मान वळवली. खाडीच होती. तिच्या टाचा पाण्यात होत्या. चिखलात पाय रुतत होते आणि ती तशीच उभी होती, हाताची घडी घालून.

कोणी हसलं. कोणी म्हणालं, सर, मावशी बुडतील हां. आणि सर म्हणाले, "मग डावीकडे व्हा ना. कोळणीचा फोटो चाललाय, दिसत नाही का?"

मला त्या वेळी काय झालं ते नीट सांगता येत नाही. लोक म्हणतात, डोक्यात वीज चमकते वगैरे. तसलं काही नाही. तो पहिला रविवार डोळ्यांसमोर आला. पट्टीची टकटक आली. पावडरचा डबा, चकती, "कोणाचीही आई", सगळं एकदम. तिचे हात मी कापले. तिचा रंग मी खरवडला. तिला तिच्याच किनाऱ्यावरून पाण्यात ढकलायचं शेवटचं काम यांनी केलं, पण तिथपर्यंत तिला आणून कोणी ठेवलं?

माझ्या हातात थर्माकोल होता. मी तो फिरवला.

पोरीच्या तोंडावरचा उजेड गेला आणि आयेच्या तोंडावर पडला.

"अहो, लाइट! बाई, लाइट गेला!"

मी थर्माकोल होडीला टेकवून दगड लावला. पिशवीतून कॅमेरा काढला. मागे सगळे बोलत होते, वेळ जातोय, ऊन चढतंय, ह्या बाई काय करतायत. मी श्वास सोडला. डोळ्यावर फोकस धरला. आयेने मला बघितलं. हसली नाही, पदर नीट केला नाही. मला काय झालंय ते तिला कळलेलं होतं. मी बटण दाबलं.

मग पुन्हा दाबलं. मग लुगडं पोरीकडे तसंच राहू दिलं, तिचा काय दोष. आयेची पाटी मी माझ्या डोक्यावर घेतली आणि आम्ही दोघी बाजाराच्या रस्त्याला लागलो. सर मागून ओरडत होते की थर्माकोल कोण धरणार. मी वळून बघितलं नाही. वास लागला असेल माझ्या कपड्यांना. लागू दे.

त्या फोटोचं प्रिंट काढताना मी चकती वापरली नाही. जेवढा काळा तेवढा काळा. काळ्यात किती रंग असतात ते मला त्या लाल दिव्यात पहिल्यांदा दिसलं. कपाळ वेगळं काळं, मान वेगळी काळी, आणि गालावर खवला, नुकत्याच धुतलेल्या काचेसारखा.

क्लबच्या पुढच्या रविवारी आधी "सागरकन्या" लागली. पोरगी, टोपली, वर्तमानपत्रांचे बोळे. खाडीला सागर म्हणणारी ही माणसं. सगळ्यांनी वा वा केली. मग माझा फोटो. शीर्षक विचारायची पद्धत होती. आधीच्यांची शीर्षकं "प्रतीक्षा", "सुरकुत्या", "कष्टकरी" अशी असायची. चेहरा कोणाचाही असो, त्याला नाव नसायचं. माझ्या प्रिंटच्या मागे मी आयेचं नाव लिहिलेलं, हिरा. सेक्रेटरी म्हणाले, हे शीर्षक नाही, हे नाव आहे. मी म्हणाले, हो.

सरांनी पट्टी उचलली. आयेच्या गालाकडे नेली. "हा डाग अजून आहे. मागे सांगितलं होतं तुम्हाला."

मी उठले. नियम होता की बोलायचं नाही.

"तो राहणार."

"काय?"

"खवला. तो राहणार. रंग राहणार, हात राहणार. तुम्हाला बघायला त्रास होत असेल तर तुम्ही खुर्ची मागे घ्या, सर. तुमच्या मागे खाडी नाही. आणि ती पट्टी खाली ठेवा."

कोणी टाळी वाजवली नाही. कोणाला पश्चात्ताप झाला नाही. फुलंवाल्या बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. सर म्हणाले की मी व्यक्तिगत घेतेय. कलेत व्यक्तिगत घ्यायचं नसतं. मी म्हणाले, व्यक्तीचाच फोटो आहे. सेक्रेटरींनी माझं प्रिंट काढून पुढचं लावलं. "सागरकन्या"ला कुठल्यातरी स्पर्धेत बक्षीस मिळालं, पुढे तिचं कॅलेंडरही निघालं. ठाण्यातल्या एका कचेरीत ते भिंतीवर बघितलं मी, कितीतरी वर्षांनी. माझ्या आयेचं लुगडं अंगावर, आणि खाली लिहिलेलं, कोळीण. रांगेत उभी होते दाखल्यासाठी. शिपाई म्हणाला, बाई, पुढे सरका. सरकले. पण आतून जळत होते. अजून जळते. वयाने विझत नाही ते, उगाच सांगतात लोक.

क्लब मी सोडला नाही. त्यांना वाटलेलं सोडेन. दर महिन्याला जायचे. कंपनीतल्या सोल्डरिंगवाल्या बायका, बाजारातल्या बायका, एकेक चेहरा नावासकट स्टँडवर लावायचे. दर महिन्याला नापसंत. मी थँक्यू म्हणायचं बंद केलं. त्यांनी पट्टी आणायची बंद केली, एवढंच.

सुधारणा मात्र मी ऐकतच राहिले. फक्त माणसं बदलली. पहिलं प्रिंट मी जिचा चेहरा तिला दाखवायचे. आयेचा खाडीवरचा फोटो ओट्यावर फिरला तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "हिरा, भांडाला उठलेस वाटतंय." दुसरीने सांगितलं की पाय कापलेस, पाण्यातले पाय कशाला कापलेस, तेच तर बघायचे होते. बरोबर होतं तिचं. पाय यायला हवे होते. मी चूक सुधारायला पुन्हा आयेला पाण्यात उभी केली नाही, पण त्यानंतर कोणाचे पाय कापले नाहीत. आयेने तो फोटो उलटा ठेवला नाही. भिंतीवर खिळा तिनेच ठोकला.

परवा माझी नात मोबाइल घेऊन आली. माझा फोटो काढला, बोटाने काहीतरी केलं आणि मला दाखवला. पीठ फासल्यासारखी गोरी, गुळगुळीत बाई. मी विचारलं, ही कोण गं? ती म्हणाली, तूच की आजी, गालावरचा तो डाग काढला, छान दिसतेस ना?

मी तिला जवळ बसवलं आणि आधी तो डाग परत आणायला लावला. मग लोखंडी कपाटातून एक पाकीट काढलं. माझ्या हाराचा फोटो, मेल्यावर भिंतीवर लावतात तो. मीच काढून ठेवलाय, टायमर लावून, श्वास सोडून, डोळ्यावर फोकस धरून. रंग जेवढा काळा तेवढा काळा. पायांसकट. डाव्या गालावर शिशाचा डाग. मागे माझं नाव मीच लिहिलंय.

तिला सांगितलं, आणि हे वाचतील त्या सगळ्यांना सांगते. मी गेल्यावर तुम्ही हा फोटो स्टुडिओत न्याल. तिथला माणूस विचारेल, आजींच्या गालावरचा डाग काढू का, चेहरा थोडा उजळ करू का? तुम्ही रडत असाल, घाईत असाल, हो म्हणाल.

म्हणायचं नाही.

तो राहणार.